बाकावरचा इसम

“सर, हलू नका,” ती म्हणाली, आणि मी खरोखरच हललो नाही. नोकरीत इतकी वर्षं गेली, संसारात त्याहून जरा कमी, पण हे वाक्य मला उद्देशून कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. मला सगळे हलायलाच सांगतात. बायको केर काढायला आली की ‘हला जरा’, साहेबांनी बोलावलं की ‘अहो, ती फाइल हलवा की’, शिपाई तर पाय उचला म्हणायचीही तसदी घेत नाही, सरळ पायांवरून फडका फिरवतो. आणि ही कालची पोर, केस कातरलेली, खांद्यावर पखालीएवढी पिशवी, माझ्या टेबलासमोर उभी राहून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करते, एक डोळा मिटते आणि मला म्हणते, हलू नका. मी त्या वेळी तिला तिच्या अर्जातल्या त्रुटी समजावत होतो. तोंड अर्धवट उघडं, पेन हवेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तसाच राहिलो. पंख्याने अर्जाचं वरचं पान उडालं, ते जाऊन कपाटाखाली शिरलं, तरी मी हात पुढे केला नाही. चमत्कारिक वाटत होतं. मानेपाशी काहीतरी गरम गरम पसरत चाललं होतं. रक्तदाब असेल, असं मी मनाला सांगितलं.

मी परिवहन मंडळाच्या मुख्य कार्यालयात परवानगी शाखेत बसतो. शाखा म्हणजे मी, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी, जी उघडली की कपाट उघडत नाही. कुणाला बसस्थानकावर वर्तमानपत्रांची टपरी टाकायची असो, बसच्या पाठीवर साबणाची जाहिरात रंगवायची असो, डेपोच्या भिंतीला साधी शिडी लावायची असो, माणूस माझ्याकडे येतो. आणि पुन्हा येतो, कारण पहिल्या खेपेला मी कुणालाच सोडत नाही. यात दुष्टपणा नाही, देवाशपथ. मला ज्यांनी काम शिकवलं ते आमचे जुने हेडक्लार्क म्हणायचे, “अरे, पहिल्याच फेरीत सुटलेल्या कागदाला मान नसतो. माणसाला वाटतं, आपला अर्ज कुणी वाचलाच नाही.” हे मला तेव्हाच पटलं. हरकत काढायची म्हणजे आधी नीट वाचावं लागतं, आणि माणसाचं इतकं मन लावून या जगात दुसरं कोण वाचतं? ऑफिसात माझ्या मागे मला हरकतराव म्हणतात. म्हणोत. तोंडावर म्हणत नाहीत, तेवढा वचक आहे.

तर ही पोर सिनेमाच्या कॉलेजात शिकत होती आणि तिला परीक्षेसाठी एक छोटा सिनेमा करायचा होता. जुन्या बसस्थानकावर, अगदी टोकाच्या फलाटावर, तिथल्या लाकडी बाकावर. कथानकाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एक इसम बाकावर बसतो. बस येतात आणि जातात. तो कोणत्याही बसमध्ये चढत नाही. मग उठून निघून जातो.’ इसम हा शब्द तिने खास आमच्यासाठी शोधला असावा. मी विचारलं, “हा कशाची वाट बघतोय?” ती म्हणाली, “कशाचीच नाही.” “मग बसलाय कशाला?” “ते बघणाऱ्यांनी ठरवायचं, सर.” मी म्हटलं, “बघणाऱ्यांनी ठरवलेलं मंडळावर बंधनकारक नाही. फलाटावर बसायचा अधिकार प्रवाशाला. प्रवासी कोण? जो चढतो तो. हा चढत नाही, म्हणजे हा प्रवासी नाही. म्हणजे याला उठवणं हे स्थानकप्रमुखाचं कर्तव्य. तो येऊन याला उठवणार आणि तुमचा सिनेमा तिथेच आटोपणार.” ती वहीत लिहून घेत होती. मला वाटलं मुद्दे घेतेय, पण मान जरा लांब करून पाहिलं तर माझं चित्र काढत होती. मग मी घड्याळाकडे वळलो. स्थानकावरचं घड्याळ मागे पडतं, चित्रात ते दिसलं तर मंडळाची बदनामी, झाकलं तर झाकण्याची परवानगी वेगळी, आणि ती देणारी विद्युत शाखा सध्या दुसऱ्या इमारतीत हलली आहे. इथे मी नेमका चष्मा खाली सरकवून तिच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, हलू नका.

“सर, तुम्हीच करा ना तो रोल,” बोटांची चौकट मोडून ती म्हणाली. तिने ठरवलेला नट नाटकातला होता, त्याला एकही वाक्य नाही म्हटल्यावर तो चिडून निघून गेला होता. “तुमच्या चेहऱ्यात आहे ते.” मी म्हटलं, “काय आहे?” ती बराच वेळ शब्द शोधत राहिली आणि म्हणाली, “थांबणं.” आता हा मान होता की अपमान? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. मी घसा खाकरला, कपाटाखालचं पान फूटपट्टीने ओढून काढलं, त्रुटींची पूर्तता करून आणा म्हणालो आणि तिला वाटेला लावलं. पण ती गेल्यावर खिडकी लावून घेतली, काचेत स्वतःला पाहिलं. काच मळकी होती. एक गृहस्थ दिसत होते. थांबलेले.

फोटोत मी कधी नीट आलोच नाही, हे त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उभ्याने माझ्या ध्यानात आलं. शाळेच्या वर्गाच्या फोटोत मागच्याने ढोसलं म्हणून मी वळलो, तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं. माझ्या जागी एक पुसट कान आहे. सहलींचे फोटो मीच काढले, म्हणजे त्यांत मी नाही. आणि लग्नाचे? लग्नाच्या एकूण एक फोटोत आमच्या दोघांच्या पुढ्यात माझा मेहुणा उभा आहे. तेव्हा तो लहान होता, पण जाडी आजचीच. हार घालताना तो, सह्या करताना तो, जेवणाच्या पंगतीत माझ्या घासाआड तो. आमची अर्धी हयात लोकांना अल्बम दाखवताना ‘याच्या मागे आहेत ते हे’ असं सांगण्यात गेली. हाच मेहुणा पुढे एका सिनेमात दिसला. दिसला म्हणजे, बाजाराच्या दृश्यात नायक पळतो तेव्हा भाव करत उभ्या असलेल्या एका माणसाची पाठ दिसते, ती याची. पाठ! सगळं सासर तिकिटं काढून ती पाठ बघायला गेलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून घरात कलेचा विषय निघाला की सगळे माना वळवून याच्याकडे बघतात, आणि हा खुर्चीत मागे रेलून म्हणतो, “भाऊजी, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते उभं राहिल्याशिवाय नाही कळत.” आमचे नटवर्य!

रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर तिला ठसकाच लागला. “तुम्ही? सिनेमात? अहो, तुम्ही करणार काय त्यात?” मी म्हटलं, “बसणार.” “मग बरोबर आहे. तालमीची गरज नाही.” हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो, कारण दोघांत एकानेच हसणं बरं दिसत नाही. पण खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की माझी मलाच भीती वाटली. या वयात एखादी गोष्ट एवढी हवीशी वाटणं म्हणजे ताप आल्यासारखं असतं, सगळं अंग दुखतं आणि कुणाला सांगायची लाज वाटते. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्याकडे पाच-सात मिनिटं सलग बघावं. पूर्ण. पुढ्यात कुणी उभं न राहता. सकाळी दाढी करताना मी आरशासमोर बसून पाहिलं, थांबून पाहिलं. चांगला थांबत होतो मी. साबण वाळला तेव्हा बायकोने बाहेरून विचारलं, “अहो, बरं आहे ना?”

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. मंडळाच्या सेवकाला बाहेरच्या कलेत भाग घ्यायचा तर आस्थापना शाखेकडे अर्ज करून ना-हरकत घ्यावी लागते. मी रीतसर अर्ज केला. आस्थापनावाल्या बाईंनी तो दोनदा वाचला, ओठ दाबून धरले आणि म्हणाल्या, “चित्रीकरण मंडळाच्या जागेत आहे. म्हणजे यावर आधी परवानगी शाखेचा अभिप्राय लागेल.” मी म्हटलं, “बाई, परवानगी शाखा म्हणजे मीच.” “मग तर झालंच की,” त्या म्हणाल्या, “विचारा स्वतःला.” दुसऱ्या दिवशी शिपायाने तो अर्ज माझ्या टेबलावर आणून आपटला आणि पोच घेतली. मी चष्मा पुसून वाचायला घेतला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ‘हरकत नाही’ एवढे दोन शब्द लिहायचे होते, पेनाचं टोपणही काढलं होतं. पण वाचता वाचता मला तो अर्ज आवडेना. घाईत लिहिलेला. उतावीळ माणसाचा. भूमिकेचं स्वरूप काय, तर ‘बसणे’. हे काय झालं? आणि समजा, मी तसाच सोडला. मग ज्या टपरीवाल्या बाईला मी पुनःपुन्हा परत पाठवलं होतं, ती उद्या विचारील, का हो, माझ्याच कागदात खोट होती का? जुने हेडक्लार्क डोळ्यांपुढे आले, तपकीर ओढत. मी लिहिलं, ‘भूमिकेचे स्वरूप मोघम आहे. अर्जदाराने खुलासा करावा.’ सही केली, कागद आस्थापनेकडे गेला, आणि संध्याकाळी निघता निघता शिपायाने तो पुन्हा माझ्याच हातात दिला, या वेळी अर्जदार म्हणून.

काय संताप आला सांगू! मोघम? मी मोघम? कोण हा टिकोजीराव, असं मनात येऊन गेलं, आणि सही बघितली तर माझीच. पहिल्यांदा मला कळलं की आपली सही किती मग्रूर आहे. घरी जाऊन खुलासा लिहिला. सौम्य लिहायचा होता, पण उतरला कडक: ‘बसणे या क्रियेत मोघम काय आहे ते कळावे. प्रस्तुत अर्जदार मंडळाच्या सेवेत अनेक वर्षे बसूनच आहे.’ तो खुलासा फिरून माझ्या टेबलावर आला तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. ही भाषा? कार्यालयाशी? लिहिलं, ‘भाषा उद्धट. खुलाशाचा खुलासा करावा.’ अर्जदाराने दिलगिरी व्यक्त केली, पण मला ती मनापासून वाटली नाही. होतीही नाही, मला माहीत आहे. असा कागद जात राहिला, येत राहिला. शिपाई आता पोच घेताना मला विचारू लागला, “इकडची की तिकडची?” शेवटी साहेबांनी बोलावलं. साहेब वयाने माझ्याहून लहान, डोक्याने थंड. म्हणाले, “अहो, हे काय चाललंय? स्वतःशी पत्रव्यवहार करताय?” मी म्हटलं, “नियमाप्रमाणे चाललंय, साहेब.” त्यांनी डोळे चोळले. “त्या मुलीची चित्रीकरणाची परवानगी मी आत्ता सही करून टाकतो, बिचारीचं वर्ष जाईल. तुमचं तुम्ही बघा. तुम्हा दोघांच्या भांडणात मी पडत नाही.”

म्हणजे मुलीचं काम झालं आणि माझं राहिलं. कॉलेजचा कॅमेरा तिला एकाच संध्याकाळपुरता मिळणार होता, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या नावावर, आणि त्यानंतर परीक्षा. ती फोनवर म्हणाली, “सर, तुम्ही येताय ना गुरुवारी?” मी म्हटलं, “माझं प्रकरण विचाराधीन आहे.” “कुणाच्या विचाराधीन?” “माझ्या.” ती हळूच म्हणाली, “सर, तुम्हाला करायचंय ना पण?” या प्रश्नाला हो म्हणायला काय लागतं? जीभ हलवावी लागते. मी म्हटलं, “इच्छेचा प्रश्न नाही, पोरी.” प्रश्न फक्त इच्छेचाच होता, आणि तोच नाही म्हणालो. आणि शेजारी उभी असलेली बायको, जिला कुणाचंही अडलेलं बघवत नाही, लगेच आपल्या भावाला फोन लावून मोकळी झाली. त्याच संध्याकाळी मेहुणा दारात हजर, केस रंगवलेले. “भाऊजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमची जागा मी सांभाळतो.” उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तो मंडळाचा सेवक नव्हता, त्याला ना-हरकत नको होती. फक्त अधिकृत कलाकार म्हणून त्याचं नाव परवानगीत घालायचं आणि तो बदल मंजूर करायचा परवानगी शाखेने. तो कागद माझ्यापुढे आला. त्यात त्रुटी होत्या, हव्या तेवढ्या. सही रेघेबाहेर गेलेली, वय चक्क कमी करून लिहिलेलं. पण हरकत घेतली असती तर जगाने म्हटलं असतं, जळला. जगाचं सोडा, मीच म्हटलं असतं. म्हणून मी लिहिलं, ‘हरकत नाही.’ माझ्या हातून पहिल्याच फेरीत सुटलेला तो एकमेव कागद.

अशा चित्रीकरणाच्या वेळी परवानगी शाखेचा माणूस निरीक्षक म्हणून हजर राहतो, त्यामुळे गुरुवारी मला जावंच लागलं. टोकाचा फलाट रिकामा होता. तिकडे गाड्या कमी लागतात. खांबांचा रंग उडालेला, फरशीवर तेलाचे जुने डाग, आणि भिंतीशी तो बाक, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. उन्हं तिरकी होऊन बरोबर बाकावर पडत होती. मेहुण्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडाला पावडर लावली होती. तो बसला तो एखाद्या समारंभाला बसल्यासारखा. मुलगी म्हणाली, “काका, काही करू नका.” त्याने विचारलं, “काही नाही म्हणजे नक्की काय करू?” कॅमेरा सुरू झाला की तो उसासा टाकी, मनगटावरचं घड्याळ बघे, कपाळ पुशी, दूरवर बघून डोळे बारीक करी. एकदा तर त्याने छाती धरली. “काका, हे काय?” “भूतकाळ,” तो म्हणाला. मी खांबाआड उभा होतो आणि माझ्या पायांच्या बोटांपर्यंत कळा येत होत्या. अरे बाबा, बस की नुसता! कधी बसला नाहीस का आयुष्यात? आणि तेवढ्यात एक गाडी फलाटाला लागली. रिकामी. कंडक्टरने दारात लोंबकळत हाळी दिली, “चला, चला, खिडकीची जागा!” आणि आमचा मेहुणा, जो जन्मभर बसमागे धावत आला, कोपर मारून चढत आला, रुमाल टाकून जागा धरत आला, तो ताडकन उठला आणि चढला. कुणाला काही कळायच्या आत. त्याच्याही बहुधा नंतरच ध्यानात आलं, कारण गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून डोकं काढून तो ओरडत होता, “भाऊजी, ही थांबते कुठे?” ती जलद होती. कुठेच थांबत नव्हती.

मुलगी कॅमेऱ्याच्या पेटीवर बसली आणि तिने तोंड ओंजळीत झाकलं. कॅमेरा सांभाळणारा तिचा मित्र ऊन बघत होता. ऊन बाकाच्या हातापर्यंत चढलं होतं, अजून जरा वेळ, मग भिंत, मग काही नाही. माझ्या पिशवीत माझं प्रकरण होतं, मी ते रोज बरोबर घेऊनच हिंडत होतो. मी गुडघ्यावर फाइल ठेवली आणि पेन काढलं. आत्ता ‘हरकत नाही’ लिहिलं तरी पुढे बाईंचा शिक्का, साहेबांची सही, आवक, जावक. स्वतःला नाही म्हणण्यात मी इतका वेळ घालवला होता की आता हो म्हणून उपयोग नव्हता. असा राग आला स्वतःचा, की वाटलं, याला एकदा फलाटावरून उठवावं, हाकलून द्यावं. मुलगी डोकं वर करून माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. बोलली असती तर मी नियम सांगितला असता. मी फाइल खांबाशी ठेवली, जाऊन बाकावर बसलो.

लाकूड तापलेलं होतं. हात कुठे ठेवायचे कळेना, मग ते आपोआप मांडीवर आले. एक गाडी आली, चाकांखालची धूळ पायांवर बसली, दार उघडलं, उजवा पाय सवयीने पुढे सरकला आणि मी तो मागे घेतला. कंडक्टरने विचारलं, “येताय का?” मी त्याच्याकडे पाहिलं. घंटी वाजली, गाडी गेली. इतकं सोपं होतं ते. मग दुसरी आली. मला एकदम वडील आठवले, कितीतरी वर्षांत आठवले नव्हते. असाच एक बाक, माझे पाय जमिनीला न पोचणारे, आणि वडील म्हणतायत, बस इथे, हलू नकोस, तिकिटं काढून आलोच. मी बसलो होतो. केवढी गर्दी, किती वेळ कोण जाणे, लघवीला लागली होती, रडू घशात आलं होतं, पण हललो असतो तर हरवलो असतो. आणि ते आले, घामाघूम, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शहाणं माझं बाळ. हललं नाही.” एवढंच. पुढे त्यांनी मला शहाणा म्हटल्याचं आठवत नाही, मी तरी कुणाला म्हटलं? त्यानंतर आयुष्यभर मी तसाच बसलो होतो की काय, घशात रडू घेऊन, कुणीतरी येऊन डोक्यावर हात ठेवील म्हणून? मला वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. मग ऊन चेहऱ्यावर आलं आणि फक्त ऊन राहिलं. डोक्यात एकही हरकत नव्हती. डोकं असं रिकामं असतं हे मला माहीतच नव्हतं. नंतर कधीतरी मी उठलो आणि चालत फलाटाच्या टोकाशी गेलो. वळून पाहिलं तर मुलगी डोळे पुसत होती आणि तिचा मित्र कॅमेऱ्यावर हात ठेवून तसाच उभा होता, हलवायला भीत असल्यासारखा.

शुक्रवारी निरीक्षकाचा अहवाल द्यायचा असतो. त्यात एक प्रश्न आहे: परवानगीत नाव नसलेली कोणी व्यक्ती चौकटीत आली काय? आली असल्यास परवानगी रद्द आणि चित्रण मंडळाकडे जमा. ही अट मसुद्यात कुणी घातली? अर्थात मीच. तेव्हा साहेबांनी शाबासकी दिली होती. मी पेन घेऊन बसलो. ‘होय’ लिहिलं तर मी तिथे होतो, कागदोपत्री होतो, माझ्याच सहीने होतो. आणि ते चित्रण आमच्या तळघरात, गंजलेल्या तिकीटयंत्रांच्या शेजारी, कायमचं. मुलीचं वर्ष गेलं. ‘नाही’ लिहिलं तर सिनेमा राहील, लोक बघतील, आणि बाकावर जो कुणी दिसतो तो मी नाही. आयुष्यात खोटा शेरा कधी मारला नव्हता. खाली रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शिपाई दोनदा येऊन गेला. मी लिहिलं, ‘नाही. अधिकृत कलाकाराखेरीज कोणीही आढळले नाही.’ वाचून पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्याच बैठकीत माझा अर्जही ‘अर्जदारास स्वारस्य नसल्याने निकाली’ असा शेरा मारून बंद केला. बाई म्हणाल्या, “अखेर समेट झाला वाटतं तुमचा?” मी म्हटलं, “झाला.” आणि फाइलची नाडी घट्ट बांधली.

कॉलेजातल्या एका लांबट खोलीत सिनेमा दाखवला. घडीच्या खुर्च्या, खिडक्यांना काळे कागद. माझ्या एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला मेहुणा, सदरा तोच. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, सांगणार काय? अंधार झाला, पडद्यावर त्याचं नाव आलं, मोठ्या अक्षरांत, कारण परवानगीप्रमाणे तेच यायला हवं होतं. त्याने मला कोपर मारलं. मग बाक आला, आणि बाकावर तो माणूस. मेहुणा ताडकन पुढे झुकला. “भाऊजी, हा मी नाही!” मी म्हटलं, “गप्प बस. कागदावर तूच आहेस.” तो क्षणभर विचारात पडला आणि मागे रेलला, नावावर त्याचं समाधान झालं असावं. मी बघत राहिलो. पुढ्यात कुणी उभं नव्हतं. बसून असलेला एक वयस्क माणूस, कानांवर ऊन, गाड्या त्याच्या अंगावर सावली टाकून जात होत्या, आणि तो कुणाची तक्रार न करता, कुणाला अडवून न धरता बसला होता. मला त्याची काळजी वाटली. मला तो आवडला. बायको अजिबात हसत नव्हती. तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता, आणि ही बाई देवळात, इस्पितळात, कुठेही गप्प बसत नाही. अंधारात तिने माझा हात चाचपून शोधला.

पुढच्या रांगेतल्या कुणा विद्यार्थ्याची आई असावी, ती अर्धी वळून हलक्या आवाजात म्हणाली, “कोण हो हे? किती खरे वाटतात. नट वाटतच नाहीत.” मी बायकोचा हात दाबला, जोरात. तिने माझ्याकडे पाहिलं, पडद्याच्या उजेडात, चांगलं निरखून पाहिलं, मग परत समोर पाहिलं, जिथे तो अजून बसलेला होता.

“ओळखीचे आहेत आमच्या,” ती म्हणाली.